नऊ वाजताचा अलार्म: घणसोलीतल्या एका ख्रिस्ती घराचं प्रकरण

नवी मुंबईच्या घणसोलीतल्या या घरात रोज रात्री नऊला पाच ठिकाणी एकदम अलार्म वाजायचा. चार फोन आणि हॉलमधला स्मार्ट स्पीकर. अलार्मचं नाव ‘कौटुंबिक प्रार्थना’. हे ठरवून सहा महिने झाले तेव्हा अलार्म न चुकता वाजत होते आणि प्रार्थनेला आजी एकट्याच बसत होत्या.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी हे घर कुटुंबभेट समितीकडे सोपवलं ते वेगळ्याच कारणाने. थोरली मुलगी रविवारच्या उपासनेला येईनाशी झाली आहे, घरात कुणाशी धड बोलत नाही, जरा भेटून या, एवढाच निरोप होता. जुलैच्या पहिल्या आठवड्यात गेलो. तासाभराच्या बोलण्यात कळलं की मुलीचा अबोला त्या अलार्मपासूनच सुरू झाला होता. पुढे नाताळापर्यंत मी या घरी जात राहिलो. घर ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मजकूर घरच्यांनी वाचला आहे. मुलीने दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली.

घरातली माणसं

आजी पंच्याहत्तरीच्या, मूळच्या नेवासे तालुक्यातल्या. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला काम सुरू केलं आणि पुढे आसपासच्या खेड्यांत ज्या मंडळ्या (चर्चचे समुदाय) उभ्या राहिल्या, त्यांतल्या एका मंडळीत त्या वाढल्या. पप्पा ऐरोलीच्या आयटी पार्कमधल्या कंपनीत सपोर्टला. ग्राहक परदेशातले, शिफ्ट दर महिन्याला बदलते, आठवड्यातले दोन-तीन दिवस काम घरून. मम्मी ठाण्याच्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूत नर्स, सकाळ-दुपार-रात्र अशा फिरत्या पाळ्या. मुलगी अकरावी सायन्सला, क्लास ठाण्यात नौपाड्याला. मुलगा सहावीत, त्याच्याकडे मम्मींचा जुना, सिम काढलेला फोन.

आजींच्या बटणांच्या फोनवर प्रार्थनेचा अलार्म लावलेला नव्हता. त्यांना गरज नाही, असं सगळ्यांचं मत.

अलार्मची कल्पना पप्पांची. एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत ‘निरंतर प्रार्थना करा’ या वचनावर संदेश झाला (१ थेस्सलनीकाकरांस ५:१७). माणूस पद्धतशीर आहे. एक जानेवारीला सकाळी चहाच्या वेळी सगळ्यांचे फोन हातात घेऊन त्यांनी अलार्म लावले, सूर म्हणून आजींच्या आवडीच्या गीताची पहिली ओळ टाकली, व्हॉट्सअॅपवर घरचा ग्रुप काढला आणि सगळ्यांना एक बायबल अॅप घेऊन दिलं. नियम सोपा होता: नऊला घरी असेल त्याने हॉलमध्ये यायचं, बाहेर असेल त्याने ग्रुपवर आलेलं वचन वाचून ‘आमेन’ लिहायचं.

या सगळ्यात कुणाला काही विचारलं गेलं नाही. मी ते विचारलं तेव्हा पप्पा गोंधळले. “प्रार्थनेला काय विचारायचं?”

नऊ वाजता कोण कुठे असतं

पहिल्या भेटीत मी एकच काम केलं. वही उघडली आणि मागच्या आठवड्यात रोज रात्री नऊला कोण कुठे होतं ते लिहून घेतलं.

मम्मींची दुपारपाळी आठला संपते, पण पुढच्या सिस्टरला पेशंट सोपवून निघेपर्यंत साडेआठ होतात. नऊला त्या ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटावर किंवा गाडीत. रात्रपाळी असेल तर कामावर. पप्पांकडे नऊ म्हणजे तिकडची सकाळ, कॉलवर कॉल. मुलगी क्लासवरून येते तेव्हा स्टेशन ते घर या वाटेवर किंवा दारात चप्पल काढताना. मुलगा जेवायला बसलेला, अर्धी पोळी ताटात. आजी मात्र साडेआठपासून चष्मा पुसून, शास्त्र, म्हणजे बायबल, मांडीवर घेऊन बसलेल्या.

म्हणजे नऊची वेळ पाचांपैकी एका माणसाला सोयीची, आणि त्या माणसाला अलार्म नाही. पप्पांनी नऊच का निवडले? त्यांच्या लहानपणी घरात नऊलाच प्रार्थना होत असे. तेव्हा नऊला सगळे घरात असत, इतकंच ते कारण होतं. तेवढं कारण आता उरलेलं नाही, हे वही पाहिल्यावर त्यांनी लगेच मान्य केलं. पण अलार्म काढायला ते तयार नव्हते. “अलार्म काढला तर जे थोडंफार चाललंय तेही बंद पडेल.”

ते थोडंफार काय चाललं होतं, ते पाहण्यासारखं आहे.

ग्रुपवरचे ‘आमेन’ बहुतेक वेळा वचन न वाचताच येत. मम्मींनी हे स्वतःच सांगितलं. एका रात्री पप्पांनी घाईत वचनाऐवजी लाइटबिलाचा फोटो टाकला. त्याखालीही दोन ‘आमेन’ आले, एक हात जोडलेल्या चिन्हासकट. घरात हा किस्सा विनोद म्हणून सांगतात. स्मार्ट स्पीकरला नऊला गीत लावायची आज्ञा दिलेली होती. फुकटच्या सेवेत गीताच्या आधी जाहिरात लागते, त्यामुळे कित्येक रात्री प्रार्थनेची सुरुवात गृहकर्जाच्या व्याजदराने होई. आजी तेवढा वेळ डोळे मिटून थांबत.

आणि स्नूझ. नऊ, नऊ-दहा, नऊ-वीस. ‘नंतर’ म्हणायला एक बटण मिळालं की माणसाला ‘नाही’ म्हणावं लागत नाही. या घरात कुणीही, कधीही, प्रार्थनेला नाही म्हटलेलं नव्हतं.

मम्मींनी ओळखलेली गोष्ट

दुसऱ्या भेटीत पप्पा कॉलवर होते. मम्मी भाजी निवडताना सहज म्हणाल्या, “आमच्या आयसीयूत हेच होतं. औषधाचा पंप वाजला की हात आधी सायलेन्सवर जातो, मग डोळे पेशंटकडे. नवीन मुलींना हेच तर शिकवायला लागतं, की आधी पेशंट बघ.”

मला वाटतं, हे प्रकरण खरं उलगडलं ते या वाक्याने. त्यांच्या व्यवसायात या गोष्टीचा रीतसर अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने एप्रिल २०१३ मध्ये याच विषयावर एक इशारापत्रक काढलं होतं. त्यातल्या अंदाजानुसार रुग्णालयातल्या यंत्रांचे ८५ ते ९९ टक्के अलार्म असे असतात की त्यांवर काही करण्याची गरज नसते. इतके पोकळ आवाज दिवसभर ऐकल्यावर कान बधिर होतात. खरा अलार्मही त्यांत बुडतो, आणि त्यातून रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत.

मम्मींच्या घरातला नऊचा अलार्मही असाच पोकळ झाला होता. तो वाजे तेव्हा त्यांना काही करणं शक्यच नसे. बंद करणं एवढीच कृती हाताशी, आणि तीच अंगवळणी पडली. सहा महिने रोज रात्री सराव झाला तो प्रार्थनेचा आवाज बंद करण्याचा. अलार्म असून प्रार्थना बंद पडली असं घरच्यांना वाटत होतं. मी म्हणेन, तिच्या बंद पडण्यात अलार्मचा हात होता.

याउलट आजींचा एक अलार्म कधी चुकत नाही. सकाळी आठला बीपीच्या गोळीचा. तो वाजतो तेव्हा त्या चहा-बिस्किटं घेऊन बसलेल्या असतात, गोळ्यांची पट्टी समोर असते आणि गोळी घेतली की पट्टीतला खड्डा रिकामा दिसतो. वेळ, जागा, हातातलं काम, सगळं जुळलेलं. तोच फोन, तोच कर्कश आवाज.

स्मरणशक्तीवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ आइनस्टाइन (ते भौतिकशास्त्रवाले नव्हेत) आणि मॅकडॅनियल यांनी १९९० च्या सुमारास यातला भेद मांडला. पुढे करायच्या गोष्टी आपण दोन तऱ्हांनी लक्षात ठेवतो: घड्याळाच्या वेळेवर, किंवा एखादी घटना घडली की. दुसरी तऱ्हा सहसा सोपी जाते, कारण घटना समोर येऊन स्वतःच आठवण करून देते. वेळेवर आपल्यालाच लक्ष ठेवावं लागतं. अलार्म लावला की वेळेचीच घटना होते, असं आपल्याला वाटतं, आणि ते खरंही आहे. पण ती घटना दुसऱ्याच कामाच्या मध्ये येऊन पडते.

आता बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातलं सातवं वचन पाहावं. देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवायच्या आहेत, त्या केव्हा? घरी बसलेले असता, मार्गाने चालत असता, निजता, उठता. घटिका एकही दिलेली नाही. ‘गणना’ या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात तर वस्त्राच्या टोकांना गोंडे लावून त्यांवर निळी फीत घालायला सांगितलं आहे. ती दिसावी आणि आज्ञा आठवाव्यात म्हणून. फीत अंगावर असते, पण ती कुणाच्या कामात येऊन किंचाळत नाही. वेळेच्या प्रार्थनाही शास्त्रात आहेतच. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे, पेत्र आणि योहान तिसऱ्या प्रहरी प्रार्थनेच्या वेळेला मंदिरात चालले होते. पण दानीएलची वेळ त्याने स्वतः धरलेली होती, आणि मंदिराची वेळ सगळ्या यरुशलेमेची होती. पप्पांचा नऊचा अलार्म या दोन्हींत बसत नव्हता.

मुलीचं म्हणणं

मुलगी तिसऱ्या भेटीपर्यंत बोलली नाही. बोलली तेही मम्मी समोर असताना, पप्पा नसताना.

गाडीत, बायकांच्या डब्यात, तिच्या बॅगेतून मोठ्याने गीत वाजायला लागलं होतं. लोकांनी पाहिलं. मला वाटलं, ती आता लाज वाटल्याचं सांगणार. ती म्हणाली, “मला गाण्याची लाज नाही वाटली. पप्पा घरी बसून माझ्या फोनमधून बोलतायत असं वाटलं.”

त्यानंतर तिने अलार्म काढून टाकला. दोन दिवसांनी पप्पांनी पुन्हा लावला. तिने पुन्हा काढला. मग त्यांना बायबल अॅपमधून दिसू लागलं की कुणी किती दिवस वाचन केलं आहे, आणि जेवताना विचारणा सुरू झाली. तिने अॅपही काढलं. मार्च-एप्रिलमध्ये ही ओढाताण चालली आणि ईस्टरनंतर ती चर्चलाच येईनाशी झाली. देवाविषयी तिची तक्रार नव्हती, हे तिने दोनदा सांगितलं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रार्थनेसाठी खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगितलं आहे, आणि इथे दाराला कॅमेरा लावलाय, असं तिचं म्हणणं. सोळा वर्षांच्या मुलीला शास्त्र बरंच माहीत होतं. पप्पांना हे मीच नंतर सांगितलं, तिच्या परवानगीने.

धाकट्याची कहाणी उलटी. त्याला अॅपमधली सलग दिवसांची साखळी फार आवडली होती. रोज उघडलं की आकडा एकाने वाढतो. आकडा शंभरावर गेला तेव्हा पप्पांनी ग्रुपवर कौतुक केलं. मग मे महिन्यात नगरकडे एका लग्नाला गेले असताना तो परतीच्या गाडीत झोपला, मध्यरात्र उलटली आणि साखळी तुटली. पोरगं रडलं, आणि नंतर कित्येक दिवस अॅप उघडेना. आता काय उपयोग, म्हणे. आजींनी जवळ घेऊन विचारलं, “बाळा, शंभर दिवसांत वाचलंस काय, ते तरी सांग.” त्याला एक गोष्टही सांगता आली नाही. झोपताना अॅप उघडायचं, पान खाली सरकवायचं, बंद करायचं, असं ते वाचन होतं.

या साखळीच्या प्रकाराविषयी माझं मत कडक आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे अभ्यास केला. तो २०१० मध्ये छापून आला. रोजच्या एखाद्या ठरावीक प्रसंगाला जोडून, म्हणजे न्याहारीनंतर वगैरे, नवी सवय लावायची होती. ती अंगवळणी पडायला मध्यमान ६६ दिवस लागले; कुणाला १८ पुरेसे, तर कुणाचा हिशोब २५४ वर जाणारा. त्या सवयी खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या होत्या, प्रार्थनेच्या नव्हत्या, तेव्हा आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. पण त्यातलं एक निरीक्षण इथे लागू पडतं: मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. साखळीचा खेळ मुलाला नेमकं उलट शिकवतो. एक दिवस चुकलास, आता शून्यापासून सुरुवात. प्रभूकडे परत यायला असला काही नियम नाही.

आजींचा कंदील

उपाय सुचवला तो खरं तर आजींनी, आणि तोही नकळत.

त्यांच्या लहानपणी घरात प्रार्थना कधी व्हायची, असं विचारलं. “कंदील लागला की.” कुणी हाक मारत नसे. संध्याकाळी काच राखेने पुसून वात लावली, कंदील खुंटीला अडकवला की सगळे आपोआप खाली बसत. उजेड एकाच ठिकाणी असल्यामुळे दुसरीकडे जाऊन करणार काय! वीज आली, दिवे कधीही लागू लागले आणि संध्याकाळची प्रार्थना विस्कळीत झाली. मग त्यांच्या वडिलांनी ती सकाळी आणली. आकाशवाणी पुण्याच्या सात-पाचच्या बातम्या ऐकल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत, म्हणून बातम्यांआधी प्रार्थना. रेडिओ लावायचा, तो गरम होईपर्यंत स्तोत्र म्हणायचं.

म्हणजे यंत्राच्या आधाराने प्रार्थना आठवणं या घराला नवं नव्हतंच. कंदील आणि रेडिओ दोन्ही त्या काळची रोजची यंत्रंच. फरक इतकाच की ती यंत्रं लागत होती ती घरच्या कामासाठी, आणि प्रार्थना त्यांच्या कडेला बसवलेली होती.

यावरून मी एक गृहपाठ दिला. आठवडाभर नवीन काही करायचं नाही. प्रत्येकाने आपल्या दिवसात कोणतं यंत्र ठरावीक जागी वाजतं, लागतं, थांबतं आणि आपल्याला क्षणभर रिकामं ठेवतं, तेवढं टिपायचं. पप्पांनी एक्सेल केलं, रंगांसकट. आजींनी तोंडी सांगितलं. कुकर, लिफ्ट, वॉशिंग मशीन, गाडीतली घोषणा, लॅपटॉप, गीझर, पाणी शुद्ध करणारं यंत्र. यादी लांबत गेली. बरीचशी निकामी निघाली. कुकरच्या वेळी स्वयंपाकघरात कुणाला श्वास घ्यायला फुरसत नाही. लिफ्टमध्ये शेजारी असतात.

उरलं ते असं.

मम्मींना गाडी मिळाली. घणसोलीहून ठाण्याला जाताना रबाळे, ऐरोली, दिघा गाव, ठाणे अशी चार स्टेशनं. घरात त्यांना सोडून माणसं चार. ‘पुढील स्टेशन’ अशी घोषणा झाली की एका माणसासाठी प्रार्थना: रबाळे आजी, ऐरोली पप्पा (ऑफिसच तिथे, लक्षात ठेवायला सोपं), दिघा गाव मुलगी, ठाणे मुलगा. दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. त्याआधी हा हिशोब जमला नसता, असं त्या हसत म्हणतात. कधीकधी डब्यातली घोषणा एक स्टेशन मागे-पुढे होते आणि पप्पांची पाळी दोनदा येते. ती त्यांना लागतेच, असं मुलीचं मत.

पप्पांना लॅपटॉप. काम सुरू करताना कंपनीचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) जोडलं जाईपर्यंत पडदा गोल फिरत राहतो, तेवढ्यात हात कीबोर्डवरून काढून त्या दिवसाच्या कामासाठी दोन वाक्यं. एरवी याच वेळात ते मोबाइल उघडत.

मुलगा आणि आजींना वॉशिंग मशीन. पावसाळ्यात कपडे हॉलमधल्या स्टँडवर वाळत घालतात, ते काम या दोघांचं. धुणं संपल्यावर मशीन एक धून वाजवतं. धून वाजली की कपडे घालता घालता स्तोत्र म्हणायचं. सुरुवात तेविसाव्याने केली, सहाच वचनं आहेत. पुढे एकशे एकविसावं. आजी एक वचन म्हणतात, तो पुढचं. चुकलं की चादर अंगावर टाकतात. याला उपासना म्हणायचं का, असा प्रश्न मला मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारला. मी त्यांना सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीचा त्रेचाळिसावा अध्याय सांगितला. प्रार्थनेचा इशारा ऐकू येताच हातातलं काम टाकून निघावं, असं तिथे मठवासीयांना सांगितलं आहे. ते म्हणाले, “ती घंटा होती. सगळ्यांना ऐकू यायची.”

त्यांचा मुद्दा मला पटला, आणि अजून पटतो. चर्चच्या घंटेला स्नूझ नव्हता. ती सगळ्या गावाला एकाच क्षणी ऐकू यायची आणि ती थांबवणं कुणा एकाच्या अंगठ्याखाली नव्हतं. फोन ही खासगी वस्तू. तिच्यावर खासगी प्रार्थना बांधता येते. घराची सामाईक प्रार्थना चार फोनांवर बांधली की तिचे चार तुकडे होतात. घणसोलीच्या घराला म्हणून सामाईक प्रार्थनेसाठी वेगळं काही शोधावं लागलं.

ते सापडलं मम्मींच्या ड्युटी रोस्टरमध्ये. दर शनिवारी पुढच्या आठवड्याच्या पाळ्या त्यांच्या फोनवर येतात. त्या आल्या की मम्मी मोठ्याने वाचतात, पप्पा आपली शिफ्ट सांगतात, मुलगी क्लासचं वेळापत्रक, आणि पाचही जण घरात असतील असा आठवड्यातला एक तास शोधून फ्रिजवर लिहितात. कधी मंगळवारी सकाळी साडेसात, कधी रविवारी दुपारी जेवणानंतर. आठवड्यातून एकदाच, पण सगळे. त्या एका वेळेचा अलार्म लागतो, आणि आश्चर्य म्हणजे तो ऐकला जातो. त्या वेळी बसणं शक्य असतं आणि ती वेळ सगळ्यांनी मिळून ठरवलेली असते. रोजची प्रार्थना आठवड्यावर आली, हे आजींना सुरुवातीला फार लागलं. पप्पांनी त्यांना जुलैची वही दाखवली. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “मी एकटीच बसत होते की.”

रोज रात्री नऊला त्या अजूनही बसतात. आता मुलगा बहुतेक वेळा पोळी संपवून त्यांच्याजवळ येतो. त्याला कुणी सांगितलेलं नाही.

मुलीसाठी काय ठरलं? काहीच नाही. हीच तिची अट होती, आणि पप्पांना ती मान्य करायला सर्वांत जड गेली. तिचा फोन तिचा. त्यावर काय आहे, विचारायचं नाही. साप्ताहिक तासाला यायचं किंवा नाही, तिने ठरवायचं.

नाताळापर्यंत

सगळं सुरळीत झालं, असं लिहिता येणार नाही.

मम्मींची गाडीतली प्रार्थना टिकली. रात्रपाळीहून परतताना झोप लागते, तेव्हा ती चुकते, आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही. पप्पांचं ऑक्टोबरमध्ये बिनसलं. कंपनीने नवीन लॅपटॉप दिला, त्यात व्हीपीएन आपोआप जोडलं जातं, वाट पाहावीच लागत नाही. थांबण्याची जागा गेली आणि तिच्याबरोबर प्रार्थना गेली. त्यांच्या ध्यानात यायलाच दोन-तीन आठवडे लागले. यंत्रावर टेकून बसवलेल्या सवयीचा हा धोका आहे. यंत्र बदललं की खुंटी निघते. त्यांनी नवी खुंटी म्हणून हेडफोन कानाला लावण्याची कृती निवडली आहे. ती निदान त्यांच्या हाताची आहे. पावसाळा संपल्यावर कपडे गॅलरीत गेले, गॅलरीत दोघांना उभं राहायला जागा नाही, म्हणून स्तोत्र आता घड्या घालताना होतं. मशीनची धून आणि स्तोत्र यांच्यात त्यामुळे अर्धा दिवस जातो. तरी एकशे एकविसावं पाठ झालं.

ग्रुप आहे, वचनं बंद. त्यावर आता खरोखरच लाइटबिलं असतात.

मुलगी साप्ताहिक तासाला सप्टेंबरपासून यायला लागली, दाराजवळच्या खुर्चीवर. एकदा तिने स्वतःहून प्रार्थना केली. पप्पांनी नंतर तिचं कौतुक करायचं टाळलं; ते त्यांना किती अवघड गेलं, हे मला दिसत होतं. रविवारी चर्चला ती कधी येते, कधी नाही. तिचा सकाळचा उठण्याचा अलार्म आहे, त्याला तिने कुणा मैत्रिणीचं नाव दिलं आहे आणि त्या मैत्रिणीच्या घरी सध्या आजारपण आहे, एवढं मम्मींनी मला सांगितलं. त्यापुढे मी विचारलं नाही, मम्मींनीही नाही.

या प्रकरणातून मंडळीत एक वाद उभा राहिला आहे, आणि तो अजून मिटलेला नाही. पाळकसाहेबांना येत्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, संडे स्कूलच्या मुलांसाठी अॅपवर सलग चाळीस दिवस वाचनाची स्पर्धा घ्यायची आहे. मुलं फोनवर आहेतच, निदान शास्त्र तरी उघडतील, हा त्यांचा युक्तिवाद आणि तो टाकाऊ नाही. मी समितीत विरोध केला, धाकट्याचा प्रसंग नाव न घेता सांगितला. शिक्षिकांचं म्हणणं मधलं: स्पर्धा ठेवा, पण दिवस मोजू नका, दर रविवारी मुलाने त्या आठवड्यात वाचलेली एक गोष्ट वर्गात सांगावी. मग फोनची काय गरज, असं पाळकसाहेब विचारतात. जानेवारीच्या बैठकीत मतदान आहे, आणि पप्पा त्या समितीत नव्याने आले आहेत. ते कुणाच्या बाजूने मत देणार, हे त्यांनी मला अद्याप सांगितलेलं नाही.